‘अपवाद नियम सिद्ध करतो’ : हे इंग्रजी वचन समजून घेण्याची आणि मराठीत नेमके वापरण्याची रीत

‘द एक्सेप्शन प्रूव्ज द रूल’ हे इंग्रजी वचन आपल्याकडे ‘अपवाद नियम सिद्ध करतो’ किंवा ‘अपवादानेच नियम सिद्ध होतो’ अशा रूपांत सर्रास वापरले जाते, आणि ते बहुतेक वेळा नको त्या जागी येऊन बसते. गावातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे निबंध तपासताना मला ही चूक दर आठवड्याला भेटते. आपल्या विधानाला छेद देणारे उदाहरण समोर आले, त्याला उत्तर सुचले नाही, की हे वचन लिहून परिच्छेद संपवला जातो. पारावरच्या चर्चेतही हेच घडते. वचनाचा मूळ अर्थ मात्र याच्या जवळपास उलटा आहे. तो समजण्यास अवघड नाही, पण पायऱ्यांचा क्रम चुकला की हमखास निसटतो. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

तयारी : तीन शब्द आधी स्वच्छ करून घ्या

कागदावर ‘अपवाद’, ‘सिद्ध’ आणि ‘नियम’ हे तीन शब्द एकाखाली एक लिहा. घोटाळ्याचे मूळ यांतल्या पहिल्या दोन शब्दांत आहे.

मराठीतला ‘अपवाद’ दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली गोष्ट म्हणजे वगळणूक : ज्याला अधिकार आहे अशा कोणीतरी जाणूनबुजून एखादी बाब नियमातून बाहेर काढली. दुसरी गोष्ट म्हणजे विसंगत उदाहरण : कोणी काही वगळले नाही, फक्त आपण सांगितलेल्या नियमाप्रमाणे एक गोष्ट वागली नाही. या वचनातला अपवाद पहिल्या प्रकारचा आहे. चुकीचा वापर जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकाराला पहिला समजण्यातून होतो.

‘सिद्ध’ हा शब्द आपल्या मनात भूमितीतला प्रमेय आणतो, म्हणून वाचणाऱ्याला वाटते की अपवादामुळे नियम खरा ठरला. येथे त्याचा अर्थ इतकाच, की वगळणुकीवरून नियम अस्तित्वात असल्याचे कळते. ‘नियम आहे’ असे कळणे आणि ‘नियम बरोबर आहे’ असे ठरणे, यांत वावर आणि वावराच्या नकाशाइतके अंतर आहे.

वचनाचा लॅटिन मूळ मजकूर लांब असून त्याचा भावार्थ असा : अपवाद केला असता, जे अपवादात आलेले नाही त्या बाबतीत नियम असल्याचे दिसून येते. इंग्रजीत वापरताना शेवटचा अर्धा भाग गळून पडला. तो अर्धा भाग परत जोडल्याशिवाय पुढे जाऊ नका. विचाराचा धागा किती जुना आहे हे सांगायचे तर, रोमचा वकील सिसेरो याने इ. स. पूर्व ५६ मध्ये बाल्बस याच्या बचावात हाच युक्तिवाद केला होता : काही तहांमध्ये ‘या लोकांना रोमचे नागरिकत्व देऊ नये’ असे मुद्दाम नमूद आहे, त्या अर्थी जेथे तसे नमूद नाही तेथे ते देता येते.

तपासा : ‘अपवाद नियम सिद्ध करतो’ हे वचन ‘वगळलेल्या बाबींवरून न वगळलेल्या बाबींचा नियम कळतो’ असे स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर तयारी झाली.

टप्पा १ : अपवाद कोणी केला, हे शोधा

वाक्य हाती आल्यावर विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. बाजार समितीच्या फाटकावर पाटी आहे : ‘रविवारी कापूस खरेदी बंद राहील.’ येथे वगळणारा कोण? बाजार समिती. तिला खरेदीचे दिवस ठरवण्याचा अधिकार आहे, आणि तिने एक दिवस बाजूला काढला आहे. ‘इतर दिवशी खरेदी चालते’ असे पाटीवर कोठेही लिहिलेले नाही. तरी गाडी भरून आणणारा कास्तकार ते बरोबर वाचतो. वचनाचा खरा वापर एवढाच आहे.

आता दुसरे वाक्य घ्या : ‘सगळे साप विषारी असतात, धामण विषारी नाही, पण अपवाद नियम सिद्ध करतो.’ येथे धामणीला कोणी वगळले? कोणीच नाही. ती मुळातच बिनविषारी आहे, दिवडही बिनविषारी आहे. विदर्भातल्या वावरात माणसाच्या जिवाला खरा धोका नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यापासून असतो, आणि बाकीचे बरेच साप उंदीर खाऊन शेताची राखणच करतात. म्हणजे धामण हा नियमाचा पुरावा नसून नियम खोटा असल्याचा पुरावा आहे. बोलणाऱ्याला बहुधा ‘न ओळखलेल्या सापापासून दूर राहावे’ एवढेच सांगायचे असते. ते अगदी योग्य आहे, आणि त्यासाठी सगळ्या सापांना विषारी ठरवण्याची गरजच नाही.

सावधान : निसर्ग, हवामान, माणसाचा स्वभाव, पिकांचे उत्पन्न या बाबतींत कोणी अधिकाराने काही वगळत नसते. अशा विषयात हे वचन लिहिण्यासाठी हात सरसावला तर तेथेच थांबा आणि सरळ टप्पा ४ कडे जा.

टप्पा २ : वगळणुकीवरून नियम लिहून काढा

नियम मनातल्या मनात न ठेवता पूर्ण वाक्यात लिहावा, कारण चूक लिहितानाच दिसते. त्यासाठी तीन गोष्टी क्रमाने लिहा : मोठा गट कोणता, त्यातून काय वगळले, आणि वगळणूक मनाईची आहे, मुभेची आहे की सवलतीची.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि निष्कर्षाची दिशा तीच ठरवते. मनाई वगळणूक म्हणून आली असेल तर उरलेल्या ठिकाणी मुभा आहे असे निघते. मुभा वगळणूक म्हणून आली असेल तर उरलेल्या ठिकाणी मनाई निघते. सवलत आली असेल तर उरलेल्यांना पूर्ण आकारणी निघते.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही, हा आपल्याकडचा दंडक घ्या. मोठा गट म्हणजे वर्षाचे सगळे दिवस, वगळलेला दिवस पोळ्याचा, प्रकार मनाईचा. यावरून, परगावच्या माणसालाही कळते की एरवी या गावात बैल जुंपले जातात. मात्र ‘पोळा सोडून बैल रोज जुंपलाच पाहिजे’ असा नियम यातून निघत नाही. मनाईतून मुभा निघते, सक्ती निघत नाही. निबंधात हा फरक विसरलेला मला फार वेळा आढळतो, आणि त्या एका चुकीने चांगला युक्तिवाद वाया जातो.

मुभेचे उदाहरण : ‘यात्रेच्या दिवशी वाहने देवळाच्या पायऱ्यांपर्यंत नेता येतील.’ यावरून इतर दिवशी वाहने तेथवर नेण्यास बंदी आहे असे समजते. तशी बंदी नसती, तर यात्रेपुरती परवानगी देण्याला काही अर्थच उरला नसता. हे कारण नीट लक्षात घ्या, कारण वचनाचे सगळे बळ त्यात आहे : नियमच नसता, तर त्यातून काही वगळण्याची गरज कोणालाही पडली नसती.

सवलतीचे उदाहरण एसटीचे. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट लागते, एवढेच कोणी सांगितले तरी मोठ्यांना पूर्ण तिकीट आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. महिलांना मार्च २०२३ पासून ५० टक्के सवलत मिळते. ती वगळणूक ठळक आहे म्हणूनच मूळ भाडे किती आहे हा प्रश्न उरतो, आणि वाहक आधी तेच पाहतो.

तपासा : लिहिलेला नियम वगळणुकीसह एका वाक्यात मोठ्याने वाचा : ‘रविवार सोडून इतर दिवशी खरेदी चालते.’ वाक्य अडखळले नाही आणि त्यात ‘च’ घुसला नाही, तर पुढे जा.

टप्पा ३ : निघालेला नियम किती लांब ताणता येतो, ते ठरवा

या टप्प्यावर घाई केल्यास बरोबर सुरू झालेला विचार चुकीच्या जागी पोहोचतो, म्हणून येथे थोडा वेळ द्यावा.

कापसाचेच पाहू. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला कापूस घेत नाहीत. यावरून काढलेला एक निष्कर्ष असा : १२ टक्क्यांच्या आतला कापूस ओलाव्याच्या कारणावरून परत जाणार नाही. हा बरोबर आहे. दुसरा निष्कर्ष : १२ टक्क्यांच्या आतल्या कापसाला पूर्ण हमीभाव मिळेल. हा चुकीचा आहे, कारण पूर्ण दर ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला असतो आणि त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दरात कपात होते. वगळणूक ज्या मुद्द्यावर केलेली असते, निष्कर्षही त्याच मुद्द्यापुरता राहतो. ओलाव्याच्या अटीवरून दराचे, धाग्याच्या लांबीचे किंवा कचऱ्याचे काहीही कळत नाही.

दुसरी मर्यादा यादीच्या पूर्णतेची आहे. शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटी येणारा इकार आणि उकार दीर्घ लिहावा असा नियम आहे, आणि ‘आणि’ व ‘नि’ ही अव्यये ऱ्हस्वान्त लिहावीत हा त्याचा अपवाद सांगितला आहे. एखाद्या विद्यार्थ्याला फक्त हा अपवादच माहीत असला, तरी ‘पाटी’, ‘जादू’, ‘पैलू’ दीर्घ लिहावेत हे त्याला काढता येते. पण याच बळावर त्याने ‘परंतु’ आणि ‘तथापि’ यांचे शेवटचे अक्षर दीर्घ केले तर तो चुकेल, कारण तत्सम अव्यये ऱ्हस्वान्त ठेवण्याची सूचना वेगळी दिलेली आहे. अर्धी यादी हातात असताना ‘बाकी सगळे नियमात’ म्हणणे धोक्याचे असते.

यादी पूर्ण असेल तेव्हा हेच वचन फार उपयोगी पडते, आणि खेड्यातल्या माणसाला त्याचा सर्वांत मोठा उपयोग माहितीच्या अधिकारात होतो. २००५ च्या कायद्यात कलम ३ ने नागरिकाला माहितीचा अधिकार दिला आहे, आणि कलम ७(१) प्रमाणे माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत एकतर माहिती द्यायची किंवा कलम ८ आणि ९ मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखाद्या कारणाने नाकारायची. कारणे मोजून दिलेली आहेत. म्हणून ‘ही माहिती देता येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तर कोणत्या कलमाखाली, कोणत्या खंडाखाली, असे लेखी विचारावे. जे त्या यादीत बसत नाही ते देणे हाच नियम आहे. एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मला विहिरींच्या कामाची हजेरीपत्रके दाखवण्यास तोंडी नकार मिळाला होता. तेव्हा रागावून बोलण्यापेक्षा हाच एक प्रश्न लेखी विचारला असता तर माझे चार हेलपाटे वाचले असते, असे मला आजही वाटते.

त्याच कायद्यात अपवादाचा अपवादही आहे. कलम २४ ने गुप्तवार्ता आणि सुरक्षेशी संबंधित काही संघटनांना कायद्यातून वगळले, आणि लगेच परंतुक जोडले की भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांच्या आरोपांसंबंधीची माहिती त्या वगळणुकीत येणार नाही. अशा ठिकाणी टप्पा २ दोनदा करावा : आधी परंतुकावरून वगळणुकीची हद्द, मग वगळणुकीवरून मूळ नियमाची हद्द. कायदा वाचताना ‘परंतु’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची सवय मुलांनी लावून घ्यावी.

सावधान : प्रत्येक मनाई ही वगळणूक नसते. दवाखान्याच्या एका भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ असे लिहिले आहे, म्हणून दुसऱ्या भिंतीवर थुंकण्याची मुभा निघत नाही. तेथे लिहिणाऱ्याने नियमातून काही बाजूला काढलेले नाही, सगळीकडे लागू असलेल्या नियमाची तेथे आठवण करून दिली आहे. आठवण आणि वगळणूक यांत शंका आली, तर मजकूर ‘इतर ठिकाणी याच्या उलट’ असे धरून वाचा. वाचणाऱ्याला ते विपरीत वाटले, तर ती आठवण समजावी.

टप्पा ४ : विसंगत उदाहरण असेल तर हे वचन बाजूला ठेवा आणि नियम तपासा

टप्पा १ वरून येथे आलेल्या वाक्यांसाठी तीनच वाटा असतात. कोणती घ्यावी हे उदाहरण पाहून ठरते.

पहिली वाट : नियम चुकीचा होता, तो सोडावा. सापांचे वाक्य याच वाटेने जाते.

दुसरी वाट : नियम ‘नेहमी’ म्हणून सांगितला होता, तो ‘बहुधा’ म्हणून सांगावा. ‘मृगात पाऊस येतोच’ असे लिहून एखाद्या कोरड्या मृगाला ‘अपवाद नियम सिद्ध करतो’ म्हणण्यापेक्षा ‘मृगात बहुधा पाऊस सुरू होतो, पण काही वर्षी तो लांबतो’ असे लिहिणे खरेही आहे आणि पेरणीचा निर्णय घेणाऱ्याच्या उपयोगाचेही आहे. पहिल्या वाक्यावर विसंबून केलेली धूळपेरणी दुबार पेरणीत जाते.

तिसरी वाट : नियम बरोबर आहे, पण अपुरा सांगितला आहे. ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते’ हे आपण शाळेत शिकतो. चिखलदऱ्याला, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, ते साधारण ९६ अंशांनाच उकळते. उंचीवर हवेचा दाब कमी असतो हे कारण कळले की विसंगती नाहीशी होते, आणि ‘समुद्रसपाटीच्या दाबाला’ ही अट जोडून नियम पक्का होतो. विसंगत उदाहरणाने नियमाला बळकटी आली, असे प्रामाणिकपणे म्हणता येण्याजोगी ही एकच वाट आहे, आणि तीही कारण सापडल्यानंतरच. कारण न शोधता ते श्रेय घेता येत नाही.

वाट निवडताना चूक झाली तर काय होते, हे पऱ्हाटीने आपल्याला दाखवले आहे. भारतात बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कपाशीला, २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले, आणि ‘बीटीला बोंडअळी लागत नाही’ हे वाक्य घरोघरी नियम होऊन बसले. एखाद्या वावरात गुलाबी अळी दिसली तर ते एकट्या वावराचे दुर्दैव समजणे सोपे होते. त्या अळीत प्रतिकारशक्ती तयार होत होती, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापसाचे तिने फार मोठे नुकसान केले. किडलेले पहिले बोंड हे नियम बदलत असल्याची सूचना असते. त्याला ‘अपवाद’ म्हणून हातावेगळे केले की कामगंध सापळे (अळीच्या पतंगांना गंधाने ओढून पकडणारे सापळे) लावण्याची वेळ निघून जाते. म्हणूनच या वचनाच्या चुकीच्या वापराला मी केवळ भाषेची चूक मानत नाही.

सावधान : ‘प्रूव्ह’चा जुना अर्थ ‘पारखणे’ असा आहे, म्हणून ‘अपवाद नियमाची परीक्षा घेतो’ हाच वचनाचा मूळ अर्थ, असे स्पष्टीकरण पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. विचार म्हणून ते उत्तम आहे, आणि या टप्प्यात आपण तेच केले. वचनाचा उगम मात्र तेथे नाही. लॅटिन वचनाची न गळलेली शेपटी पाहिली की तो वगळणुकीचाच असल्याचे दिसते. परीक्षेत मूळ अर्थ विचारला असेल तर ‘परीक्षा’ लिहू नये.

टप्पा ५ : सैल वापर ओळखा

एक मधला वापरही आहे. ‘आमच्या गावात एकच बाई ट्रॅक्टर चालवते, आणि ती रस्त्याने निघाली की लोक वळून पाहतात.’ येथे कोणी काही वगळलेले नाही, तरी लोकांच्या आश्चर्यावरून कळते की गावात सहसा बायका ट्रॅक्टर चालवत नाहीत. इंग्रजीत अशा जागी हे वचन चालते. मराठीत त्याऐवजी ‘तिचे नवल वाटते, यावरूनच ही गोष्ट किती विरळ आहे ते कळते’ असे लिहावे. ‘नियम’ हा शब्द येथे आणला की बायकांनी ट्रॅक्टर चालवू नये असा काही दंडक असल्याचा भास होतो, आणि तो त्या बाईवर अन्याय आहे.

टप्पा ६ : मराठी वाक्य रचा

शब्दशः भाषांतर टाळावे, कारण ‘सिद्ध’ हा शब्द वाचकाला पुन्हा चुकीच्या वाटेवर नेतो. संदर्भानुसार पुढील रचना उपयोगी पडतात.

वगळणूक असेल तेव्हा : ‘अमुक बाब मुद्दाम वगळली आहे, त्या अर्थी इतर बाबींना हा नियम लागू आहे.’ ‘त्या अर्थी’ ही जोडणी आपल्या कायद्याच्या आणि पंचायतीच्या भाषेत मुरलेली आहे, तिने युक्तिवाद स्पष्ट दिसतो.

विसंगत उदाहरण असेल तेव्हा : ‘या उदाहरणामुळे नियमात अमुक दुरुस्ती करावी लागते.’

संस्कृत व्याकरणाशी परिचय असलेल्यांनी ‘उत्सर्ग’ आणि ‘अपवाद’ ही जोडी वापरण्यास हरकत नाही. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण विधान, अपवाद म्हणजे त्याला आपल्यापुरते बाजूला सारणारे विशेष विधान. ‘ब्राह्मणांना दही द्यावे, कौंडिण्याला ताक’ हे त्याचे परंपरेतले उदाहरण आहे. कौंडिण्याच्या वाटीतल्या ताकावरून पंगतीतल्या इतरांना काहीतरी वेगळे वाढले जात असल्याचे कळते. पण ते दहीच आहे हे ताकावरून कळत नाही, त्यासाठी वाक्याचा पहिला भाग ऐकावा लागतो. टप्पा ३ मधली मर्यादा येथेही तशीच आहे.

‘नियमाला अपवाद असतातच’ हे वाक्य वेगळे आहे, त्याला या वचनाचे भाषांतर समजू नये. त्यात निष्कर्ष काहीच नाही.

सराव : तीन वाक्ये आणि त्यांची उकल

‘दहावीचे विद्यार्थी सोडून इतरांना सोमवारी सुटी राहील.’ मुख्याध्यापकांनी केलेली वगळणूक आहे, पण नियमही येथे उघड लिहिलेला आहे. वचन लावण्याची गरज नाही.

‘आमच्या भागातली संत्री आंबट नसतात; यंदा आमच्या बागेतली आंबट निघाली, पण अपवाद नियम सिद्ध करतो.’ वगळणारा कोणी नाही, म्हणून टप्पा ४. फळे कच्ची तोडली का, बहार कोणता होता, पाण्याचा ताण पडला का, हे पाहून तिसरी वाट घ्यावी. कारण सापडले नाही तर दुसरी.

‘उन्हाळ्यात हातपंपावर ढोरे धुण्यास मनाई आहे.’ ही पाटी ग्रामपंचायतीची, म्हणजे वगळणारा आहे. मोठा गट वर्षाचे महिने, वगळलेला भाग उन्हाळा, प्रकार मनाईचा. त्या अर्थी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हातपंपावर ढोरे धुता येतात. मर्यादा तपासा : निष्कर्ष फक्त त्या हातपंपापुरता आणि फक्त धुण्यापुरता आहे. गावच्या विहिरीबद्दल पाटी काहीही सांगत नाही, आणि उन्हाळ्यात त्याच पंपावर ढोरांना बादलीने पाणी पाजण्यास तिने अडवलेलेही नाही.